ग्वाटेमालातली दोन पेये

बाळपणी मिळालेल्या प्रथिनांचा बुद्धीच्या वाढीवर काय परिणाम होतो, हे तपासणारा गाजलेला प्रयोग मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात झाला.

■ कधी, कुठे : १९६९ ते १९७७, पूर्व ग्वाटेमालातली चार खेडी.

■ काय दिले : दोन गावांत ‘आतोले’, म्हणजे इन्कापरिना हे वनस्पतिज प्रथिनांचे पीठ, दूधभुकटी आणि साखर यांची गरम पेज. १८० मिलिलिटरच्या कपात ११.५ ग्रॅम प्रथिने. उरलेल्या दोन गावांत ‘फ्रेस्को’ हे गार, गोड सरबत. त्यात प्रथिने शून्य.

■ कसे : गावातल्या केंद्रात सकाळी व दुपारी, हवे तितके. गरोदर व स्तनदा माता आणि सात वर्षांखालील मुले किती प्यायली, याची रोज नोंद.

■ काय दिसले : आतोले प्यायलेली मुले वयाच्या तिसऱ्या वर्षी उंचीत पुढे होती. मोठेपणी वाचलेले समजण्यातही ती सरस ठरली. आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत आतोले मिळालेल्या पुरुषांची ताशी कमाई पुढे सुमारे ४६ टक्के जास्त भरली.

■ प्रथिने कशाला लागतात : त्यांतल्या अमिनो आम्लांपासून चेतापेशींची बांधणी होते. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन, तर टायरोसिनपासून डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार होते.

■ पण : कपभर आतोलेत १६३ किलोकॅलरी होत्या, फ्रेस्कोत ५९. त्यामुळे सगळे श्रेय एकट्या प्रथिनांना देता येत नाही. शिवाय पोटभर अन्न नसेल, तर शरीर प्रथिनेच इंधन म्हणून जाळते आणि मेंदूच्या वाट्याला कमी येते.