विश्लेषण : सण, नमाज, हिजाब, कडे... महाविद्यालयात धर्मपालनासाठी किती सवलत मिळते?

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला वर्षाला दोन ऐच्छिक सुट्ट्या निवडता येतात. आपला सण सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत नसला तरी त्या दिवशी तो रजा घेऊ शकतो आणि त्याला कुणी कारण विचारत नाही. महाविद्यालयातील विद्यार्थ्याला मात्र देशपातळीवर असा कोणताही हक्क नाही. सणाच्या दिवशी परीक्षा आली, नमाजच्या वेळेत तास लागला किंवा डोक्यावरच्या स्कार्फमुळे प्रवेशद्वारावर अडवले, तर निर्णय प्राचार्य, परीक्षा यंत्रणा किंवा न्यायालयाच्या हाती जातो. सवलतीचा नियम आधी लिहिलेला असेल तर वाद होत नाही. नसेल तर विद्यार्थ्याचे वर्ष पणाला लागते, असे गेल्या दहा वर्षांतील प्रकरणांतून दिसते.

राज्यघटना काय सांगते?

अनुच्छेद २५ नुसार प्रत्येकाला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य आहे. मात्र त्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांची मर्यादा आहे. याच अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात शिखांनी कृपाण बाळगणे हा धर्माचरणाचा भाग मानला आहे. अन्य कोणत्याही धार्मिक चिन्हाचा असा थेट उल्लेख तेथे नाही. त्यामुळे इतरांच्या बाबतीत ‘ही प्रथा धर्माचा अत्यावश्यक भाग आहे का’, हा प्रश्न न्यायालयात विचारला जातो. या कसोटीचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ मधील शिरूर मठ खटल्यात आहे.

शिक्षणसंस्थांच्या संदर्भात १९८६ चा बिजो इमॅन्युएल खटला आजही दिला जातो. ‘जेहोवाज विटनेसेस’ पंथातील तीन मुले राष्ट्रगीतावेळी आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. त्यासाठी त्यांना केरळमधील शाळेतून काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द करून मुलांना पुन्हा शाळेत घेण्याचे आदेश दिले. श्रद्धा प्रामाणिक आहे आणि इतरांना त्याचा त्रास नाही, या बाबी त्या निकालात महत्त्वाच्या ठरल्या.

हिजाबप्रकरणी न्यायालये काय म्हणाली?

कर्नाटक सरकारने ५ फेब्रुवारी २०२२ रोजी गणवेशाबाबत आदेश काढला. हिजाब हा इस्लाममधील अत्यावश्यक प्रथेचा भाग नाही, असे सांगत कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी तो आदेश कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींचे दोन वेगळे निकाल आले. न्या. हेमंत गुप्ता यांनी उच्च न्यायालयाचा निकाल योग्य ठरवला. न्या. सुधांशू धुलिया यांनी तो रद्द ठरवताना हा मुलीच्या निवडीचा आणि तिच्या शिक्षणाचा प्रश्न असल्याचे म्हटले. त्यामुळे प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आले.

महाराष्ट्रात हा वाद चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाच्या निमित्ताने आला. हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बॅज यांवर बंदी घालणाऱ्या पोशाख नियमाला नऊ विद्यार्थिनींनी आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ रोजी त्यांची याचिका फेटाळली. नियम सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना लागू आहे आणि पोशाखातून धर्म उघड होऊ नये हा त्याचा हेतू आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी हिजाब, टोपी आणि बॅज यांच्यापुरती बंदीला अंतरिम स्थगिती दिली. नावावरूनही धर्म कळतो, मग विद्यार्थ्यांना क्रमांकाने ओळखणार का, अशी विचारणा न्यायमूर्तींनी महाविद्यालयाकडे केली. वर्गात बुरख्याला मात्र परवानगी देता येणार नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट केले.

‘नीट’मध्ये तोडगा कसा निघाला?

वैद्यकीय प्रवेश परीक्षेत कॉपी रोखण्यासाठी कपड्यांचे नियम सर्वांत कडक असतात. तरीही धार्मिक पोशाखाचा तिढा तेथे बऱ्याच अंशी सुटला. २०१६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने परीक्षार्थी मुलींना डोक्यावर स्कार्फ घेण्याची मुभा दिली. अट एकच होती : अर्धा तास आधी यायचे आणि गरज पडल्यास महिला कर्मचाऱ्याकडून तपासणी करून घ्यायची. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शीख विद्यार्थ्यांना कडे आणि कृपाण घेऊन बसण्याची परवानगी देताना तासभर आधी पोहोचण्याची अट घातली. पुढे धार्मिक पोशाखातील परीक्षार्थींनी तपासणीसाठी लवकर यावे, ही सूचना परीक्षेच्या माहितीपुस्तिकेतच येऊ लागली.

येथे कुणाची प्रथा ‘अत्यावश्यक’ आहे का, हे केंद्रप्रमुखाला ठरवावे लागत नाही. परीक्षा यंत्रणेची गरज तपासणीची आणि विद्यार्थ्याची गरज पोशाखाची. थोडा जादा वेळ दिला की दोन्ही गरजा भागतात.

स्कार्फला मुभा देणाऱ्या न्या. ए. मोहम्मद मुश्ताक यांनीच डिसेंबर २०१८ मध्ये एका खासगी शाळेच्या प्रकरणात संस्थेच्या बाजूने निकाल दिला. व्यक्तीच्या हक्कापेक्षा संस्था चालवण्याचा व्यापक हक्क वरचढ ठरतो, असे त्यात म्हटले होते. म्हणजे एका दिवसाची सार्वजनिक परीक्षा आणि खासगी संस्थेतील रोजचा वर्ग यांना न्यायालय एकच माप लावेल, असे गृहीत धरता येत नाही.

परीक्षा आणि सण एकाच दिवशी आले तर?

सण मोठ्या संख्येने साजरा होत असेल तर संपूर्ण परीक्षाच पुढे जाते. १५ जानेवारी २०२५ रोजी होणारी ‘यूजीसी-नेट’ परीक्षा पोंगल आणि मकर संक्रांतीमुळे पुढे ढकलून २१ आणि २७ जानेवारीला घेण्यात आली. प्रश्न लहान समुदायांचा असतो. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट ख्रिस्ती शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत विश्रांतीचा दिवस पाळतात. शनिवारचा पेपर त्यांच्यासाठी दर सत्रातील अडचण ठरू शकतो, पण त्यांच्यासाठी पूर्ण वेळापत्रक बदलण्याची शक्यता कमी असते. ईदची तारीख चंद्रदर्शनावर ठरते, तर वेळापत्रक काही महिने आधी तयार होते. त्यामुळे तेथेही एका दिवसाचा फरक पडू शकतो.

पर्याय परीक्षेच्या रचनेवर अवलंबून असतो. जेईई मेन किंवा एमएचटी-सीईटी अनेक दिवस, वेगवेगळ्या सत्रांत होतात. प्रश्नपत्रिका वेगळ्या असतात आणि गुणांचे पर्सेंटाइलमध्ये रूपांतर होते. तेथे एखाद्याला दुसरे सत्र देणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते. ‘नीट’ मात्र देशभर एकाच दिवशी, एकाच वेळी घेतली जाते. तेथे एकासाठी वेगळा दिवस म्हणजे नवी प्रश्नपत्रिका आणि गुणांच्या तुलनेचा नवा वाद. महाविद्यालयाच्या अंतर्गत चाचणीत यातली कोणतीच अडचण नसते. तेथे फेरचाचणी देण्याची इच्छा असणे पुरेसे असते.

हजेरीचे गणित काय?

अनेक विद्यापीठांत परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते. एका विषयाचे आठवड्याला तीन तास आणि सत्राचे १५ आठवडे धरले, तर एकूण ४५ तास होतात. त्यांपैकी किमान ३४ तासांना बसावे लागते, म्हणजे ११ तास चुकले तरी चालतात. एक-दोन दिवसांच्या सणाने त्यात फारसा फरक पडत नाही. पण त्याच विषयाचा एक तास दर शुक्रवारी नमाजच्या वेळेत लागला आणि विद्यार्थी तो चुकवत राहिला, तर हजेरी ३० तास, म्हणजे साधारण ६७ टक्क्यांवर येते. आजारपण तर यात धरलेलेही नाही. सत्राच्या सुरुवातीला तो एक तास पुढे-मागे केला तर प्रश्न संपतो. सत्र संपताना हजेरी माफ करणे प्राचार्यांसाठीही अवघड असते.

सवलतीला मर्यादा कुठे येते?

सुरक्षितता ही स्पष्ट मर्यादा आहे. लेथ मशीनवर किंवा प्रयोगशाळेत बर्नरजवळ सैल कपडा, ओढणी किंवा लोंबणारी माळ धोकादायक असते, मग ती कोणत्याही धर्माची असो. ओळख पटवणे आणि गैरप्रकार रोखणे हीदेखील रास्त कारणे आहेत. मात्र स्कार्फ घट्ट बांधणे किंवा महिला कर्मचाऱ्यासमोर चेहरा दाखवणे असा सौम्य मार्ग उपलब्ध असताना थेट बंदी घातली, तर वाद न्यायालयात जाण्याची शक्यता वाढते.

परदेशात काय नियम आहेत?

अमेरिकेत काही राज्यांनी ही मुभा कायद्यात लिहिली आहे. ओहायोमध्ये २०२४ च्या कायद्यानुसार सरकारी विद्यापीठांतील विद्यार्थ्याला धार्मिक कारणासाठी प्रत्येक सत्रात तीन दिवसांची अनुपस्थिती मागता येते. अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून १४ दिवसांत त्या तारखा लेखी कळवाव्या लागतात. न्यूयॉर्कमध्ये अशा कारणाने हुकलेली परीक्षा पुन्हा देण्याची संधी शुल्क न आकारता द्यावी लागते. सत्र परीक्षेच्या धामधुमीत लक्ष्मीपूजन आले तर तेथे शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनाही या तरतुदींचा आधार घेता येतो. भारतात ‘वाजवी सोय’ ही संकल्पना दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये आहे. धर्मासाठी तसा स्वतंत्र कायदा नाही.

विद्यार्थ्यांपुढे कोणता मार्ग आहे?

सत्राचे वेळापत्रक लागताच लेखी अर्ज करणे हा पहिला टप्पा. त्यात नेमकी तारीख किंवा वेळ, कोणता तास अथवा परीक्षा चुकते आणि कोणता पर्याय चालेल, हे लिहावे. अर्जाची पोहोच घ्यावी किंवा तो ईमेलने पाठवावा. तोंडी दिलेले आश्वासन परीक्षेच्या दिवशी उपयोगी पडतेच असे नाही.

नकार मिळाल्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे दाद मागता येते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांशी होणाऱ्या भेदभावाच्या तक्रारी या नियमांच्या कक्षेत येतात. समितीने १५ कामकाजी दिवसांत अहवाल देणे अपेक्षित असते. समाधान न झाल्यास पुढील १५ दिवसांत लोकपालांकडे अपील करता येते. ही मुदत पाहता परीक्षेच्या आदल्या आठवड्यात केलेली तक्रार वेळेत निकाली निघण्याची शक्यता कमी. म्हणूनच अर्ज सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात जाणे महत्त्वाचे. महाविद्यालयांनाही माहितीपत्रकात यासाठी चार ओळींचा नियम छापण्यापासून कोणताही कायदा रोखत नाही.