घरगुती हवा-कॉम्प्रेसरची निगा व दुरुस्ती

धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्यास कॉम्प्रेसर हे यंत्र अपरिचित नाही. जिल्ह्याच्या बहुतेक भागात मातीच्या थराखाली काळा पाषाण लागतो. त्यात विहीर खोदावयाची म्हणजे सुरुंगाची भोके पाडण्यास ट्रॅक्टरवरील मोठा कॉम्प्रेसर आणावा लागतो. आता याच यंत्राचे लहान, चाकांवर ओढून नेता येणारे रूप अनेक शेतकऱ्यांच्या घरी दिसते. ट्रॅक्टर, ट्रॉली व मोटारसायकलीच्या चाकांत हवा भरणे, मळणीयंत्रातील व फवारणीयंत्रातील धूळ झटकणे, अवजारांस रंग देणे अशी कामे त्यामुळे घरच्या घरी होतात. मात्र ज्या टाकीत हवा दाबून ठेवलेली असते ती टाकी निष्काळजीपणाने वापरल्यास फुटू शकते, हे ध्यानात ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. या यंत्राची निगा ही पैशाच्या बचतीची बाब तर आहेच, पण त्याहूनही अधिक ती घरातील माणसांच्या सुरक्षिततेची बाब आहे.

यंत्राचे कार्य

विजेच्या मोटारीने पिस्टन वर-खाली होतो. खाली येताना तो गाळणीतून बाहेरची हवा आत ओढतो व वर जाताना ती टाकीत ढकलतो. टाकीच्या तोंडाशी एकमार्गी झडप असते. ती हवेस आत जाऊ देते, परंतु परत येऊ देत नाही. ठरावीक दाब झाला की प्रेशर स्विच मोटार बंद करतो व त्याच वेळी पिस्टन आणि टाकी यांमधील नळीत अडकलेली हवा सोडून देतो. यंत्र बंद होताना ‘फुस्’ असा आवाज येतो तो याच हवेचा. प्रेशर स्विच बिघडून दाब मर्यादेबाहेर वाढू लागल्यास सुरक्षा झडप उघडते व जास्तीची हवा बाहेर जाते. म्हणून सुरक्षा झडप हीच या यंत्राची खरी राखणदार होय.

टाकीतील पाणी व गंज

हवेत नेहमीच पाण्याची वाफ असते. हवा दाबली की तिच्यात तितकी वाफ मावत नाही व उरलेली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते. पावसाळी दिवसांत तपमान ३० अंश सेल्सिअस व हवेतील आर्द्रता शेकडा ७० धरली, तर ८ किलो दाबापर्यंत दाबलेल्या प्रत्येक घनमीटर हवेतून सुमारे १७ ग्रॅम पाणी सुटते. मिनिटास १०० लिटर हवा ओढणारे यंत्र एक तास चालले तर ते पाणी १०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अर्ध्या पेल्याइतके होते. रोज साचणारे हे पाणी काढले नाही तर टाकी आतून, तळाच्या बाजूने गंजते. बाहेरचा रंग जसाच्या तसा राहतो. त्यामुळे पत्रा झिजल्याची कल्पना येत नाही.

यातील धोका एका हिशेबाने स्पष्ट होईल. ३० सेंटीमीटर व्यासाच्या टाकीच्या एका टोकाचे क्षेत्रफळ सुमारे ७०० चौरस सेंटीमीटर असते. दर चौरस सेंटीमीटरला ८ किलो, म्हणजे काट्यावरील सुमारे ११५ पौंड, दाब असता त्या एका टोकावर साडेपाच टनांहून अधिक जोर पडतो. चांगला पत्रा हा जोर सहज सोसतो. गंजलेला पत्रा कोणत्या दिवशी हार खाईल ते सांगता येत नाही.

नित्याची निगा

१. रोज काम संपल्यावर मोटार बंद करून पिन काढावी. नळीवाटे हवा सोडून दाब १ किलोच्या आसपास आणावा. मग टाकीच्या तळाची चावी हळूहळू उघडून, यंत्र थोडे कलते करून सर्व पाणी काढावे. चावी दुसऱ्या दिवसापर्यंत उघडीच ठेवणे इष्ट होय.

२. सुरू करण्यापूर्वी तेलाची पातळी काचेच्या खिडकीतून पाहावी. ती खुणेच्या मध्यापर्यंत असावी. तेल कमी असल्यास पिस्टन झिजतो; अधिक असल्यास ते हवेबरोबर टाकीत जाते. पुस्तिकेत सांगितलेले कॉम्प्रेसरचेच तेल वापरावे. नव्या यंत्राचे पहिले तेल लवकर, साधारणतः ५० तासांच्या कामानंतर बदलावे. काही यंत्रे बिनतेलाची असतात. त्यांत तेल मुळीच घालू नये.

३. हवेची गाळणी आठवड्यातून एकदा साफ करावी. सोयाबीनची किंवा ज्वारीची मळणी चालू असता ती रोज पाहावी व यंत्र खळ्यापासून दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूस ठेवावे.

४. महिन्यातून एकदा टाकीत दाब असताना सुरक्षा झडपेची कडी ओढून हवा मोकळी सुटते की नाही ते पाहावे. या वेळी चेहरा दूर ठेवावा. झडप जाम झाली असल्यास ती तितक्याच दाबाची नवी बसवावी.

५. पट्ट्याचे यंत्र असल्यास दोन चाकांच्या मध्ये पट्टा बोटाने दाबून पाहावा. तो सुमारे १ सेंटीमीटर दबावा. अति ताणलेला पट्टा बेअरिंग खातो. ढिला पट्टा घसरतो.

६. रिकामी टाकी पूर्ण भरण्यास किती मिनिटे लागतात ते यंत्र नवे असतानाच मोजून भिंतीवर लिहून ठेवावे. पाच मिनिटांचे काम पुढे सात मिनिटांवर गेले, तर यंत्रात दोष शिरला असे समजावे.

बिघाड कसा ओळखावा

कोणताही भाग उघडण्यापूर्वी पिन काढावी व टाकीतील हवा पूर्णपणे सोडून काटा शून्यावर आला आहे याची खात्री करावी.

मोटार गुणगुणते पण फिरत नाही : प्रथम टाकी रिकामी करून मोटार पुन्हा सुरू करावी. आता ती फिरली, तर दोष मोटारीत नसून नळीतील हवा न सुटण्यात आहे. रिकाम्या टाकीवरही ती फिरली नाही, तर विजेचा दाब कमी असणे, तार बारीक व लांब असणे किंवा मोटारीचा कपॅसिटर निकामी होणे ही कारणे संभवतात. लांब तार ओढण्यापेक्षा हवेची नळी लांब ठेवणे केव्हाही चांगले. कपॅसिटर बंद यंत्रातही वीज धरून ठेवतो; त्याचे काम जाणत्या वीजतंत्र्याकडेच द्यावे.

यंत्र थांबल्यावरही प्रेशर स्विचखालून हवा सतत जाते : एकमार्गी झडप नीट बसत नाही. झडप खोलून तिच्या चकतीवरील काजळी व कचरा पुसावा. चकती झिजली असल्यास बदलावी. हा दोष वरचेवर आढळतो व थोडक्या खर्चात दूर होतो.

दाब सावकाश वाढतो : गाळणी व पट्टा पाहावा. नंतर सर्व सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे येतील तेथे गळती आहे. गाळणीतून हवा उलटी फुंकली जात असेल, तर वरच्या टोपणातील झडपेची पाती तुटली आहे.

हवेबरोबर तेल येते : तेल अधिक भरले नसल्यास पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. हे काम कारागिराकडून करून घ्यावे.

या गोष्टी कदापि करू नयेत

टाकीस छिद्र पडल्यास ती झाळून किंवा वेल्डिंग करून पुन्हा वापरू नये. छिद्राभोवतीचा पत्राही तितकाच झिजलेला असतो. अशी टाकी मोडीत काढणे हाच एक उपाय आहे.

सुरक्षा झडप वारंवार हवा सोडते म्हणून ती काढून तेथे बूच ठोकणे म्हणजे अपघातास निमंत्रण देणे होय.

शेतात पडलेला पाण्याचा पीव्हीसी पाइप हवेसाठी जोडू नये. दाबलेल्या हवेने तो फुटला तर त्याचे अणकुचीदार तुकडे दूरवर उडतात. हवेसाठीच बनविलेली रबरी नळी वापरावी.

अंगावरची धूळ किंवा भुसा हवेच्या झोताने झटकू नये. हवा डोळ्यास, कानास किंवा जखमेवाटे त्वचेखाली गेल्यास गंभीर इजा होते.

टाकीतील पूर्ण दाब चाकात सोडू नये. ट्रॅक्टरच्या मागील चाकास शेतकामासाठी सुमारे १ किलो दाब पुरतो. म्हणून मापक लावूनच हवा भरावी.

जुने यंत्र घेताना

जुने यंत्र स्वस्त मिळते म्हणून नुसत्या रंगावर भुलू नये. तळाची चावी उघडून पाहावी. तांबूस पाणी आल्यास गंज आहे. गंजाचे पापुद्रे पडल्यास यंत्र घेऊ नये. टाकीविषयी शंका असल्यास ती जाणत्या कारखान्यात पाण्याच्या दाबाने तपासून घ्यावी. टाकी पाण्याने पूर्ण भरून तिला नेहमीच्या दीडपट दाब देतात. पाणी हवेप्रमाणे दबत नसल्याने या तपासणीत टाकी फाटली तरी स्फोट होत नाही. ही तपासणी घरी हवेने करणे धोक्याचे आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ज्यांच्या घरी असे यंत्र आहे त्या शेतकऱ्यांना पावसाळ्याच्या आरंभी एकत्र बोलवावे. त्यांच्यासमोर एका टाकीतील पाणी काचेच्या बाटलीत काढून दाखवावे व सुरक्षा झडपेची कडी ओढून तपासावी. बाटलीतील तांबूस पाणी एकदा डोळ्यांनी पाहिले, म्हणजे तळाची चावी रोज का उघडावयाची हे निराळे सांगावे लागणार नाही.