पारद आणि वृक्कातील केशिकागुच्छ

अकोल्यातील एकाच घरातील आई व दोन मुली पाठोपाठ वृक्कविकाराने आजारी पडल्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील तज्ज्ञांनी शोध घेतला, तेव्हा तिघींच्या वापरात ब्युटी पार्लरमधून घेतलेले एकच गोरेपणाचे क्रीम आढळले आणि त्यात पारा निघाला. ही हकीकत २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या खारघरहूनही असे दोन रुग्ण नोंदले गेले. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील आपल्या चिकित्सालयांत असा रुग्ण शोथाची तक्रार घेऊन प्रथम आपल्याकडेच येण्याचा संभव असल्याने या विषाचे कार्य समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रत्येक वृक्कात सुमारे १० लाख केशिकागुच्छ असतात व दोन्ही वृक्के मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. या गाळणीचे तीन थर आहेत : केशिकेची सच्छिद्र अंतःकला, मधली आधारकला आणि तिला बाहेरून बोटांप्रमाणे विळखा घालणाऱ्या पोडोसाइट पेशी. गाळणी अभंग असेल तर रक्तातील अल्ब्युमिन मूत्रात जवळजवळ उतरत नाही.

पारा दोन प्रकारे घात करतो. मोठी मात्रा एकदम पोटात गेल्यास वृक्कनलिकांच्या पेशी मरतात व मूत्र एकाएकी घटते. अल्प मात्रा त्वचेवाटे वा मुखावाटे दीर्घकाळ जात राहिल्यास मात्र रोगप्रतिकारयंत्रणा विपरीत वागू लागते. आधारकलेच्या बाह्य बाजूस प्रतिपिंडांचे थर साचतात, पोडोसाइटची बोटे पसरट होतात आणि अल्ब्युमिन गळू लागते. यास मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी म्हणतात. पाराजन्य प्रकारात या थरांत बहुधा नेल-१ हे प्रथिन सापडते. तेच काही अर्बुदांतही आढळत असल्याने तीही शक्यता तपासावी लागते.

येथे एक फसगत होते. आरंभी सीरम क्रिएटिनिन प्राकृत असू शकते. केवळ त्यावर विसंबल्यास निदान हुकते. फेसाळ मूत्र, पापण्यांवर व पायांवर शोथ दिसताच मूत्रातील अल्ब्युमिन तपासावे. क्रीम, भस्मे, गुटिका यांविषयी स्पष्ट विचारावे आणि रुग्णास वृक्कतज्ज्ञाकडे पाठवावे. कारण वेळीच बंद केल्यास बहुतेक रुग्ण सुधारतात.

दोष केवळ प्रसाधनांचा मानून आपली सुटका नाही. २०२२ मध्ये भारतीय संशोधकांनी नेल-१ प्रकाराचा संबंध पारायुक्त पारंपरिक औषधांशीही दाखवून दिला. शोधन-मारण शास्त्रोक्त झाले, या विश्वासाने मूत्रपरीक्षणाची गरज संपत नाही. रसौषधी देण्यापूर्वी व देत असताना ठरावीक अंतराने ते करावे, मात्रा व कालावधी लिहून ठेवावा.

औषधविक्रेत्या बंधूंनी उत्पादन परवाना व बॅच क्रमांक नसलेला माल ठेवू नये. २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार नेत्रप्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत अनवधानाने आलेला पाराही दशलक्षात १ भागाहून अधिक चालत नाही. अनुसूची ई (१) मधील द्रव्ये असलेली, पोटात घ्यावयाची औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. लेबलावरील ती सूचना ग्राहकास वाचून दाखवावी.

रसशास्त्राची प्रतिष्ठा आपल्या दक्षतेवर अवलंबून आहे. मूत्रपरीक्षणाची एक पट्टी त्या दक्षतेचा आरंभ ठरू शकते.