रविवारची वाचनं कोण ठरवतं?

रविवारच्या मिस्सेत बायबलमधलं काय वाचायचं, हे त्या चर्चचे फादर ठरवत नाहीत. वाचनं आधीच ठरलेली असतात. त्यामुळे वसईत मराठीत जे वाचलं जातं, साधारण तेच त्या रविवारी डब्लिनमध्ये इंग्रजीत ऐकू येतं. कुवेतमध्ये सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून तिथे रविवारची वाचनं बरेच लोक शुक्रवारीच ऐकतात!

हे वेळापत्रक दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1969 मध्ये आलं. त्याआधी दरवर्षी तीच वाचनं फिरून यायची, आणि रविवारी जुना करार जवळजवळ नसायचाच. आता चक्र तीन वर्षांचं आहे. ‘अ’ वर्षी मुख्यतः मत्तयचं शुभवर्तमान, ‘ब’ वर्षी मार्कचं, ‘क’ वर्षी लूकचं. योहान खास करून ईस्टरच्या काळात येतो. कोणतं वर्ष चालू आहे हे ओळखायला सोपी युक्ती आहे: सनाला तीनने नि:शेष भाग गेला तर ‘क’, बाकी एक उरली तर ‘अ’, दोन उरली तर ‘ब’. फक्त चर्चचं वर्ष जानेवारीत नाही, तर नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतं, एवढं लक्षात ठेवायचं.

वर्षातल्या बहुतेक रविवारी पहिलं वाचन जुन्या करारातलं असतं आणि ते शुभवर्तमानाशी जुळेल असं निवडलेलं असतं. उदाहरणार्थ, ‘क’ वर्षातला सामान्य काळातला 28 वा रविवार. शुभवर्तमानात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो, पण आभार मानायला एकच परत येतो, आणि तो परका, शोमरोनी असतो. पहिल्या वाचनात अरामी सेनापती नामान बरा होऊन परत येतो. तोही परकाच. दुसरं वाचन मात्र पत्रांमधून क्रमाने पुढे सरकत असतं. म्हणून ‘याचा इथे काय संबंध?’ असं कधी वाटलं असेल, तर तुमचं लक्ष नव्हतं असं नाही. संबंध मुळात जोडलेलाच नसतो.

या पद्धतीचा फायदा उघड आहे. फादरांना फक्त आपल्या आवडीच्या ओळी घेऊन बसता येत नाही, आणि आपल्यालाही. पण वेळापत्रक म्हणजेसुद्धा निवडच. ‘ब’ वर्षी उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी स्तोत्र 137 येतं. बाबेलमध्ये नेलेले लोक नदीकाठी बसून रडतात, परक्या भूमीत आपलं गाणं कसं गायचं असं विचारतात. देश सोडून आलेल्या कुणालाही ते आपलं वाटेल. चर्चमध्ये ते सहाव्या ओवीला थांबतं. पुढच्या तीन ओव्यांत सूडाची भाषा आहे, अगदी शत्रूच्या तान्ह्या मुलांना आपटण्यापर्यंत.

समोर लहान मुलं बसलेली असताना, काही न समजावता हे मोठ्याने वाचू नये, हे मला पटतं. पण तेवढंच ऐकलं तर आपल्याकडे फक्त गोड हुरहुर उरते. ज्यांचं शहर जाळलं गेलं, ज्यांना हाकलून नेलं गेलं, त्यांचा राग गळून जातो. आपण स्वतःहून, नोकरीसाठी किंवा शिकायला आलो. आपली आठवण आणि त्यांचं दुःख एकच आहे असं समजणं मग फार सोपं होतं.

म्हणून एक सवय लावून बघा. मिस्सेच्या पत्रकावर अध्याय आणि ओव्यांचे आकडे दिलेले असतात. आकड्यांमध्ये उडी दिसली, किंवा वाचन मध्येच थांबलंय असं वाटलं, तर घरी येऊन पुढचं-मागचं वाचा. पाचच मिनिटं लागतात. काय गाळलं हे कळलं, की जे वाचलं तेही जास्त नीट ऐकू येतं.