लोणारचा विकास होणार, पण लोणारकरांना विचारले कोणी?

आमच्या बुलडाणा जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. आम्ही खामगावचे, म्हणजे घाटाखालचे. लोणार घाटावर. तरीही लोणारच्या विकासाची बातमी आली की खामगावातही चर्चा रंगते. शेगावला रेल्वेने आलेला भाविक खामगाव-मेहकरमार्गे लोणारला नेता येतो, समृद्धी महामार्गावरचा प्रवासी मेहकरला उतरतो, असे हिशेब हॉटेलवाले, ट्रॅव्हल्सवाले आणि प्लॉटवाले मांडू लागले आहेत. या हिशेबात सरोवराच्या काठावर पिढ्यानपिढ्या राहणारा शेतमजूर मात्र कुठेच दिसत नाही.

लोणारचे मोल आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे आणि दीडशे मीटर खोलीचे हे विवर आकाशातून आलेल्या अशनीने काळ्या पाषाणात पाडले. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीडशे वर्षे तज्ज्ञ त्याला ज्वालामुखीचे तोंड म्हणत राहिले. 1973 मध्ये आघाताचे पुरावे प्रसिद्ध झाले तेव्हा हा वाद मिटला. वयाचा वाद अजून आहे. एक मोजणी 52 हजार वर्षे सांगते, दुसरी पावणेसहा लाखांच्या जवळ जाते. 1979 मध्ये राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक, 2000 मध्ये अभयारण्य, 2020 मध्ये रामसर स्थळ. मानसन्मान भरपूर झाले.

पण अलेक्झांडरने 'शोध' लावला म्हणजे काय? त्याच्या कितीतरी आधी 'आईन-ए-अकबरी'त इथल्या क्षाराची नोंद आहे. काच आणि साबण यांसाठी तो लागत असे. उन्हाळ्यात पाणी हटले की चिखलातून खार काढायचा, वाळवायचा, वेचायचा, हे काम माणसेच करत होती. दल्ला, खप्पल, पापडी, भुस्की ही खाराच्या प्रकारांची नावे काही प्रयोगशाळेत ठरली नाहीत, ती त्या कष्टकऱ्यांच्या तोंडची आहेत. ज्यांच्या टाचा त्या खाराने फाटल्या, त्यांचे नाव एकाही माहितीफलकावर नाही. अधिकाऱ्याचे मात्र आहे! दगडाचेही तेच. घणाच्या आवाजावरून पाषाणाची जात ओळखणाऱ्या वडाराला भूविज्ञानाच्या पर्यटनात मार्गदर्शक म्हणून उभे करावे, असे कोणाच्या डोक्यात का येत नाही?

2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने लोणारसाठी सुमारे 370 कोटी रुपयांच्या आराखड्याला मंजुरी दिली. रक्कम मोठी आहे. त्यातून स्थानिकांना रोजगार मिळेल, असे सांगितले जाते. कोणता रोजगार? झाडू मारण्याचा, की तिकीट खिडकीचा आणि दुकानाच्या गाळ्याचा? आमच्या समाजाला पहिला प्रकार फार जुन्या काळापासून आरक्षित आहे, त्यासाठी आराखड्याची गरज नव्हती.

दुसरी भीती जमिनीची आहे. पर्यटनामुळे भाव वाढले की सर्वांत आधी 'अतिक्रमण' कोणाचे दिसते, हे आम्ही वकिली करताना पाहत आलो आहोत. दादासाहेब गायकवाडांच्या 1959 आणि 1964 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांतून गायरानाचा प्रश्न ऐरणीवर आला. 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 मध्ये निघाला. तरी असंख्य कुटुंबांकडे सातबारा नाही. दंडाची पावती आणि कसलेली जमीन एवढाच त्यांचा पुरावा. अशा माणसासमोर 370 कोटींचा नकाशा उलगडला की तो घाबरणारच.

अभयारण्य झाले म्हणजे लोकांचे हक्क आपोआप संपले, असा समज मुद्दाम पसरवला जातो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चे कलम 21 सांगते की जिल्हाधिकाऱ्याने प्रादेशिक भाषेत उद्घोषणा करून दोन महिन्यांत दावे मागवावेत. कलम 24 नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाशी विचारविनिमय करून एखादा हक्क चालू ठेवण्याचीही मुभा आहे. चराईचा, वाटेचा, पाण्याचा दावा कोणी केला होता काय, त्यावर काय निर्णय झाला, हे कागद गावकऱ्यांनी पाहिलेच पाहिजेत.

डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळांच्या विधेयकाचा मसुदा काढला. त्यात स्थळे जाहीर करण्याचे आणि त्यासाठी जमीन संपादित करण्याचे अधिकार केंद्राकडे. बांधकामावरच्या बंदीची सूत्रे भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या हाती. युनेस्कोचे जागतिक जिओपार्क 2015 पासून अधिकृत आहेत. तिथे स्थानिक लोकांचा सहभाग ही मूळ अटच आहे. परदेशाचे नाव घेऊन प्रकल्प आणायचे आणि त्यातली लोकशाही सीमेवरच उतरवून ठेवायची, ही आपली जुनी रीत.

जतनाला आमचा विरोध नाही. गावाचे सांडपाणी सरोवरात जाऊ नये, वेड्या बाभळी निघाव्यात, यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत लढा गेला, तो योग्यच होता. अलीकडे पाणी इतके वाढले की ते कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत पोचले. खारट पाण्यात गोडे पाणी मिसळत राहिले तर तिथली सूक्ष्मजीवसृष्टीच बदलेल. मग पर्यटक बघायला येणार काय? तेव्हा आधी पाण्याचा अभ्यास, मग पायऱ्या आणि दिवे.

आणि सांगणार काय? जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा काय काय चमत्कार सांगितले गेले! पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितले की क्षार वाढल्याने लवणप्रिय सूक्ष्मजीव माजले होते. संविधानाच्या अनुच्छेद 51-क मध्ये निसर्गाचे रक्षण आणि वैज्ञानिक दृष्टिकोन ही दोन्ही कर्तव्ये शेजारी शेजारी लिहिली आहेत. तरी येणाऱ्याला पहिली गोष्ट ऐकवतात ती लवणासुराच्या वधाची. दैत्यसूदन मंदिराचे शिल्प अप्रतिम आहे, ते जपलेच पाहिजे. पण हे 'दैत्य' आणि 'असुर' कोण, हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी 1873 मध्येच 'गुलामगिरी'त विचारला. सरकारी पैशातून कथा सांगायची असेल तर हा प्रश्नही सांगा, आणि अशनीची गोष्ट सर्वांत आधी सांगा.

लोणार आणि आसपासच्या गावांतील कार्यकर्त्यांनी आता थांबू नये. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 नुसार महत्त्वाचे धोरण आखताना संबंधित सर्व माहिती स्वतःहून, तीही स्थानिक भाषेत प्रसिद्ध करणे प्रशासनावर बंधनकारक आहे. आराखड्याची मराठी प्रत, बाधित होणाऱ्या गटांचे क्रमांक, कलम 21 खालची उद्घोषणा आणि आलेले दावे एवढे चार कागद एका अर्जात मागा. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील करा. अपील कसे लिहायचे ते आम्ही खामगावात बसून लिहून देऊ, फी घेणार नाही.