आंतरजालावरचे शास्त्रदान

अहमदपूरच्या मोंढ्यातील सोयाबीन-तुरीचा भाव ज्या मोबाईलवर पाहिला जातो, त्याच मोबाईलवर आता घरात पुस्तकेही येऊ लागली आहेत. निजामाच्या राजवटीत येथील सरकारदरबारची भाषा उर्दू होती आणि हा तालुका बीदर जिल्ह्यात मोडत असे. मराठी ग्रंथाची वाट त्या काळी लांबची होती. आज ती वाट बोटाच्या टोकाशी आली आहे. मात्र त्या वाटेने येणारी सर्वच पुस्तके एका जातीची नसतात. काही कुणीतरी दिलेली असतात, काही कुणाची तरी न विचारता घेतलेली. हा भेद व्यापारी घराला समजावून सांगावा लागू नये.

प्रथम दिलेल्यांविषयी. षट्खंडागमावरील आचार्य वीरसेनांची ‘धवला’ टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांत होती. भाविकांना तिचे दर्शन घडे, वाचन घडत नसे. १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांनी तिचा पहिला भाग अमरावतीहून प्रसिद्ध केला आणि पुढील दोन दशकांत एकूण सोळा भाग पूर्ण झाले. या कार्यामागे सेठ शिताबराय लक्ष्मीचंद्र यांच्या दानातून उभा राहिलेला साहित्योद्धारक फंड होता. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनीही आपली संपत्ती ग्रंथकार्यास वाहिली. त्यांच्या नावाच्या ग्रंथमालेत यतिवृषभाचार्यांचा ‘तिलोयपण्णत्ती’ प्रथम छापला गेला. डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेल्या या ग्रंथात त्रिलोकाच्या वर्णनासोबत गणिताचे भांडारच आहे. हिशेबात रमणाऱ्या मुलाने तो चाळून पाहावा. धवलेचे भाग काय किंवा हा ग्रंथ काय, त्यांची पाने आज इंटरनेट आर्काइव्हवर घरबसल्या उलगडता येतात. अमेरिकेतील जैन बांधवांनी चालविलेल्या जैन ई-लायब्ररीत असे हजारो ग्रंथ विनामूल्य आहेत. ‘जैनपीडिया’ या संकेतस्थळावर ब्रिटनमधील संग्रहालयांत गेलेल्या कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या पानोपान पाहता येतात. त्या तेथे गेल्या याची खंत वाटते. पण निदान त्यांचे दर्शन तरी मोकळे झाले.

पूर्वी शास्त्राची प्रत लिहवून मंदिरास अर्पण करणे हे मोठे दान मानले जाई. हेही तेच दान आहे, लेखणीच्या जागी यंत्र आले इतकेच.

केवळ मराठीचा विचार केला तरी भांडार लहान नाही. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ ग्रंथांची, तर साहित्य आणि संस्कृती मंडळाने स्वतःच्या प्रकाशनांची पाने सर्वांसाठी खुली केली आहेत. वाईच्या विश्वकोश मंडळाचे खंड, विकिस्रोतावरील जुनी पुस्तके, लेखकाच्या संमतीने पुस्तके देणारे ई-साहित्य प्रतिष्ठान ही आणखी काही ठिकाणे. माझे स्वतःचे मन मात्र सर्वांत अधिक रमते ते शिकागो विद्यापीठाच्या शब्दकोशांत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश तेथे शब्द टाकून शोधता येतात. आडतीच्या गादीवर बसणाऱ्या आजोबांच्या तोंडचे शब्द एकदा त्यात टाकून पाहावेत: हुंडी, खतावणी, रोजकीर्द, जांगड. एका शब्दावरून दुसऱ्यावर जाता जाता रात्र सरते.

आता न दिलेल्यांविषयी. अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. चोरीस प्रवृत्त करणे हा पहिला, चोरून आणलेला माल घेणे म्हणजे ‘तदाहृतादान’ हा दुसरा. खोटी मापे आणि अस्सलात बनावट मिसळणारा ‘प्रतिरूपक व्यवहार’ हेही त्यातच येतात. या यादीला बाजारपेठेची नेमकी जाण आहे. व्हॉट्सॲपच्या गटावर येणारी नव्या कादंबरीची पीडीएफ तदाहृतादानात मोडते, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘आम्ही कुठे चोरली? आमच्याकडे तर ती आपोआप आली,’ हे उत्तर सराफाच्या दुकानात चालत नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार-पाचशे प्रतींची. तीतून शंभर ग्राहक गळाले तर दुसरी आवृत्ती निघतच नाही.

कोणते पुस्तक मोकळे झाले हे ओळखण्याचा हिशेब सोपा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर, पुढच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यामुळे २०११ पासून ‘श्यामची आई’ सर्वांची झाली. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणून ‘ययाति’वरील हक्क २०३६ अखेरपर्यंत आहे, पु. ल. देशपांडे यांच्या लेखनावरील २०६० अखेरपर्यंत. आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आगमाचे मूळ सूत्र कुणाच्या मालकीचे नाही, पण त्यावरील आजचा अनुवाद व विवेचन यांवर हक्क असतो. अशी पुस्तके वाटण्यापूर्वी प्रकाशकाला एक फोन करावा. प्रभावनेसाठी मागितलेली परवानगी सहसा नाकारली जात नाही. इंटरनेट आर्काइव्हवर कुणालाही पुस्तक चढविता येते. त्यामुळे ‘तेथे आहे’ हा काही मोकळेपणाचा दाखला नव्हे.

एवढे सारे भांडार पालथे घातले तरी एक वस्तू तेथे सापडणार नाही. ती म्हणजे आपल्याच माळवदाच्या घरातील, लाकडी पेटीतील कागद. मोडीत किंवा महाजनी लिपीत लिहिलेल्या पेढीच्या वह्या, पणजीच्या हातची स्तवनांची वही, चातुर्मासात उतरवून घेतलेले प्रवचन. मोडी वाचणारे थोडे उरले, महाजनी वाचणारे त्याहून थोडे. माळवद पाडून स्लॅब टाकताना या पेट्या रद्दीच्या तराजूत जातात आणि किलोच्या भावाने तीन पिढ्यांचा व्यवहार विकला जातो.

श्रुतपंचमीला म्हणा, ज्ञानपंचमीला म्हणा, ग्रंथांची कपाटे झाडली जातातच. षट्खंडागम लिहून पूर्ण झाल्याच्या स्मरणार्थच श्रुतपंचमी पाळली जाते. त्या दिवशी फडक्यासोबत मोबाईलही हाती घ्यावा. वही खिडकीजवळ सपाट ठेवावी, फ्लॅश बंद असावा, फोन पानावर सरळ धरावा आणि कोरी पानेही सोडू नयेत. पहिल्या छायाचित्रात एका चिठ्ठीवर घराण्याचे नाव, गाव आणि वहीवरील संवत किंवा शक लिहून ठेवावा. नाहीतर दहा वर्षांनी ती कुणाची हेच कळणार नाही. जुन्या पेढीच्या वहीत इतरांच्या देण्याघेण्याच्या नोंदी असतात, तेव्हा ती जालावर खुली करण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांचा विचार घ्यावा. स्तवनांच्या वहीला तशी अडचण नाही. काम झाले की मूळ वही पुन्हा बासनात बांधून, भिंतीपासून चार बोटे दूर, कोरड्या फळीवर ठेवावी. आमच्याकडची वाळवी भिंतीतूनच येते.