बहात्तर तास उकळलेली फळी

बंगळुरूच्या तुमकूर रस्त्यावर पीण्याची ओळख लोखंडाची आहे. शेजारच्या जालहळ्ळीत एचएमटी उभी राहिली, मग १९७०च्या दशकात पीण्या औद्योगिक क्षेत्राने आकार घेतला आणि लेथ, डाय, गिअर, सीएनसी यंत्रं बनवणाऱ्या हजारो लहानमोठ्या कारखान्यांनी हा पट्टा भरून गेला. आशियातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींत त्याची गणना होते. या लोखंडाच्या गावाच्या वेशीवर, यशवंतपूरकडून येताना तुमकूर रस्त्यालगत, लाकडावर संशोधन करणारी एक जुनी संस्था आहे, हे मात्र फारसं कानावर येत नाही. तिचं नाव भारतीय प्लायवूड उद्योग संशोधन व प्रशिक्षण संस्था. धंद्यातले लोक तिला ‘इपिर्टी’ म्हणतात. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद आणि प्लायवूड कारखानदार यांनी मिळून १९६२ साली सुरू केलेली ही सहकारी प्रयोगशाळा.

याच रस्त्याने मेट्रोच्या हिरव्या मार्गावर पुढे गेलं की नागसंद्र लागतं. तिथे २२ जून २०२२ रोजी आयकिया या स्वीडिश कंपनीचं अवाढव्य दुकान उघडलं. आणखी पुढे मादावरला प्रदर्शन केंद्र आहे, जिथे ‘इंडियावूड’ नावाचं लाकूडकामाच्या यंत्रांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरतं. म्हणजे जागतिक बाजार म्हणतात तो इथे अक्षरशः मेट्रोच्या काही थांब्यांवर आहे. त्याला तोंड द्यायचं तर आपल्याकडे काय आहे? सागवानाचा अभिमान आपल्याला फार, पण सागवानाने ही स्पर्धा जिंकता येणार नाही. तेवढं सागवान नाही आणि असलं तरी परवडणार नाही. किरकोळ, कोवळ्या, शेताच्या बांधावरच्या झाडापासून भरवशाची फळी काढता येते का, हा खरा प्रश्न आहे.

भरवसा कसा मोजतात ते पाहण्यासारखं आहे. दुकानात ‘मरीन’ किंवा नुसतंच ‘सातशेदहा’ म्हणून जो प्लाय मागितला जातो, त्यातला ७१० हा भारतीय मानकाचा क्रमांक. त्या मानकाप्रमाणे प्लायचे तुकडे उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवतात. तीन दिवस आणि तीन रात्री. मग तो भिजलेला तुकडा बाहेर काढून थरांच्या मध्ये चाकूचं पातं घालतात आणि थर उचकटतात. दोन थर स्वच्छ, गुळगुळीत सुटले तर फळी नापास. फाटताना एका थराचे तंतू दुसऱ्या थराला चिकटून आले, म्हणजे लाकूड हरलं पण थर चिकटवणारं रेझिन हरलं नाही, तर पास. इतकी निर्दय आणि इतकी प्रामाणिक परीक्षा फार थोड्या वस्तूंच्या वाट्याला येते. दुकानाच्या फलकावरच्या ‘१०० टक्के वॉटरप्रूफ’ या शब्दांना असल्या पातेल्यातून काढायला हवं.

प्लायवूड भारतात आलं ते चहामुळे. आसामात चहाच्या पेट्यांसाठी हलक्या, भक्कम फळ्या लागत आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिथे पहिला कारखाना निघाला. पुढची कित्येक दशकं हा उद्योग जंगलातल्या जाड, सरळ ओंडक्यांवर जगला. १९८८च्या राष्ट्रीय वन धोरणाने उद्योगांना सांगितलं की कच्चा माल शेतकऱ्यांशी जोडून घेऊन तयार करा, सवलतीच्या दरात जंगल मिळणार नाही. हे कागदावर होतं तोवर फारसं कोणी मनावर घेतलं नाही. मग १२ डिसेंबर १९९६ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. मंजूर कार्ययोजनेशिवाय जंगलतोड थांबली, ईशान्येकडच्या लाकूड कारखान्यांना टाळी लागली. एका धंद्याचा कच्चा माल जवळजवळ एका दिवसात बदलला, असं उदाहरण आपल्या औद्योगिक इतिहासात विरळाच.

उरलं काय, तर शेतातलं लाकूड. उत्तरेत सहा-आठ वर्षांत कापणीला येणारा पॉप्लर आणि निलगिरी, केरळात चीक आटलेला रबर, दक्षिणेत सुरू, सिल्व्हर ओक आणि अलीकडे हेब्बेवू, म्हणजे आपल्याकडे मलबार नीम म्हणून रोपवाटिकांत विकलं जाणारं झाड. ही सगळी झाडं वाढतात भराभर, पण लाकूड असतं कोवळं. पॉप्लर मऊ आणि हलका. निलगिरी जड, पण कापल्याबरोबर टोकांना तडकते, कारण वाढताना खोडात साठलेला ताण एकदम मोकळा होतो. एकाच खोडाची आतली बाजू आणि बाहेरची बाजू वाळताना सारखी आकसत नाही. अशा लाकडाची फळी केली तर ती वाकते, पिळते आणि गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात फुगते.

इथे एका यंत्राने मोठी उलथापालथ केली. प्लायवूडसाठी ओंडका उभा चिरत नाहीत. तो लेथवर फिरवतात आणि पात्याने त्याची सलग पातळ पट्टी सोलतात, कागदाचा रोल उलगडावा तशी. ही पट्टी म्हणजे व्हिनियर. जुन्या लेथमध्ये ओंडक्याची दोन्ही टोकं चकमध्ये घट्ट धरतात, त्यामुळे चकच्या जाडीएवढा मधला दांडा न सोलता राहतोच. जाड ओंडक्यात हा तोटा चालून जायचा. वीतभर जाडीच्या निलगिरीत मात्र बराच माल तिथेच जायचा, शिवाय ओढ बसून बारीक दांडा मधोमध वाकायचा. बिनचकच्या लेथने टोकं धरणंच सोडून दिलं. ओंडक्याला बाहेरून रोलर दाबतात आणि तेच त्याला फिरवतात. ओंडका बारीक होत जातो तसे रोलर आपोआप आत सरकतात आणि शेवटी तीन-चार सेंटिमीटर जाडीचा दांडका तेवढा उरतो. चीनच्या पॉप्लर प्लायवूड उद्योगाने हे यंत्र सर्रास वापरात आणलं, तिथून ते हरियाणातल्या यमुनानगरला पोचलं, आणि जे झाड पूर्वी सरपणात जायचं ते फळीत जाऊ लागलं. पीण्यासारख्या यंत्रांच्या गावाला अशा लेथमध्ये अशक्य वाटावं असं काहीच नाही. रोलर, पातं आणि त्यांचा मेळ राखणारी गिअरची गणितं इथे रोज होतात. लोखंडवाले आणि लाकूडवाले एका रस्त्यावर राहूनही एकमेकांच्या दारात फार जात नाहीत, एवढंच.

व्हिनियर सोललं की वाळवावं लागतं. यमुनानगरच्या आसपास शेतांत ते दांड्यांवर उन्हात घातलेलं दिसतं. ऊन फुकट असतं, पण सारखं नसतं. ओलावा जास्त राहिला तर थर दाबून चिकटवणाऱ्या हॉट प्रेसमध्ये त्याची वाफ होते आणि प्रेस उघडल्याक्षणी फळीच्या पोटात फुगा धरतो. अशा फोडाची फळी भंगारातच जाते. म्हणून किती ओलाव्याचं, कोणत्या झाडाचं व्हिनियर, कोणत्या रेझिनबरोबर, किती तापमानाला, किती दाबाखाली, किती मिनिटं ठेवायचं याची कोष्टकं लागतात. इपिर्टीने गेली साठ वर्षं जे काम केलं त्याचा मोठा भाग असा आहे. पॉप्लर आणि रबराच्या व्हिनियरचे थर एकाच दिशेने चिकटवून चौकटीचं लाकूड कसं करावं, रेझिनमध्येच कीटकनाशक मिसळून भुसा पाडणारी कीड कशी रोखावी, असल्या गोष्टी. वर्तमानपत्रात यांची बातमी होत नाही आणि व्हावी अशी अपेक्षाही नाही.

रेझिनचे मुख्य प्रकार दोन. युरिया फॉर्माल्डिहाइड स्वस्त, बिनरंगी आणि कमी तापमानाला बसणारं. फिनॉल फॉर्माल्डिहाइड महाग, तपकिरी, पण उकळत्या पाण्याला न भिणारं. प्लायच्या कडेला थरांमधल्या काळपट रेघा पाहून जुना सुतार त्याची पारख करतो. फिनॉल खनिज तेलापासून येतं, त्यामुळे तेल भडकलं की प्लाय भडकतो. त्यावर एक उपाय आपल्या कोकणात पायाखाली पडलेला आहे. वेंगुर्ल्याला काजू फोडला की टरफलात काळं, कातडी भाजणारं तेल उरतं. त्यातल्या कार्डॅनॉलची रासायनिक ठेवण फिनॉलच्या जातीची असल्याने ते फिनॉलच्या काही हिश्श्याची जागा घेऊ शकतं. त्यावर इपिर्टीत प्रयोग झाले, फळ्या करून पाहिल्या गेल्या. काजूगर विकून टरफलाचं तेल बॉयलरवाल्याला देणाऱ्या आपल्या कारखानदारांनी या प्रयोगांकडे अधिक लक्ष द्यायला हवं, असं मला वाटतं.

दोन्ही रेझिनमध्ये असलेलं फॉर्माल्डिहाइड हेच निर्यातीच्या वाटेवरचं कुलूप आहे. फर्निचरमधून ते वर्षानुवर्षं थोडं थोडं हवेत सुटत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. कॅलिफोर्नियाने नियम केले आणि प्लायवूडसाठी मर्यादा ०.०५ पीपीएमवर आणली. पुढे तोच मापदंड साऱ्या अमेरिकेला लागू झाला. म्हणजे तुमची फळी ७२ तास उकळून टिकली तरी तिच्यातून काय सुटतं हे बंदिस्त कक्षात मोजून दाखवल्याशिवाय ती बंदरावरून पुढे सरकत नाही.

मोजमापाबरोबर जन्मदाखलाही हवा. अमेरिकेने २००८ मध्ये लेसी कायदा लाकडाला लावला, युरोपनेही बेकायदा लाकडाविरुद्ध नियम आणले. २०१७च्या जानेवारीपासून शिसमासह सगळ्या डाल्बर्जिया जाती धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारात आल्या आणि सहारनपूर-जोधपूरच्या हस्तकला निर्यातदारांची धावपळ उडाली. शिसम आपल्याकडे रस्त्याच्या कडेला आणि शेतात उगवतं, पण ते सिद्ध करायला कागद लागतो. हस्तकला निर्यात परिषदेची ‘वृक्ष’ ही प्रमाणपत्राची पद्धत तेव्हा उपयोगी पडली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने वन आणि लाकूड प्रमाणनाची स्वतःची राष्ट्रीय योजनाही जाहीर केली. आता एखाद्या ओंडक्याची जात त्याच्या तंतूंच्या रचनेवरून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणं हे वनस्पतिशास्त्राच्या वर्गातलं काम उरलेलं नाही, ते व्यापाराचं काम झालं आहे. मल्लेश्वरममधली काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था यात मुरलेली आहे. १९३८ साली म्हैसूर संस्थानाने काढलेल्या वन प्रयोगशाळेची ती वारसदार.

बांबूची गोष्ट थोडी वेगळी, आणि थोडी चुटपुट लावणारी. हाताने विणलेल्या चटया रेझिनमध्ये बुडवायच्या, वाळवायच्या, एकावर एक रचून हॉट प्रेसमध्ये दाबायच्या. इपिर्टीने यातून चटईची फळी सिद्ध केली, पुढे नागमोडी साच्यात दाबून छपराचा पत्राही केला. सिमेंटच्या पत्र्यापेक्षा हलका, न फुटणारा, ॲस्बेस्टॉसच्या धुळीपासून मुक्त. दोन्हींची भारतीय मानकं निघाली. ब्रिटनच्या ट्राडा या लाकूड संशोधन संस्थेबरोबर बांबूच्या घराची एक पद्धतही तयार झाली. तसं पूर्ण आकाराचं घर बंगळुरूच्याच केंद्रीय वीज संशोधन संस्थेच्या भूकंप-मंचावर चढवून हलवलं गेलं. सर्वाधिक धोक्याच्या पाचव्या क्षेत्रातले धक्के दिले, १९९५च्या कोबे भूकंपाची नक्कलही केली, आणि घर उभं राहिलं. किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या महाराष्ट्राला या प्रयोगाचं महत्त्व निराळं सांगायला नको.

तरीही हा पत्रा आपल्या गावोगाव दिसत नाही. कारण माझ्या मते प्रयोगशाळेच्या बाहेर आहे. चटई विणायला हात लागतात, ते हात विखुरलेले आहेत, आणि विणणाऱ्या बायकांना पुरेशी मजुरी द्यायची तर पत्र्याची किंमत टिनाशी झुंजू शकत नाही. शिवाय २०१७ पर्यंत कायद्याच्या लेखी बांबू हे ‘झाड’ होतं, त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू कापून नेतानाही परवान्यांचा ससेमिरा होता. तो अडथळा दूर झाला आहे. सिंधुदुर्गात बांधाबांधावर उभा असणारा माणगा, भरीव, सरळ, बिनकाट्यांचा, मल्लेश्वरमच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यासाठी निवडून अभ्यासला आहे. कुडाळला कोनबॅकसारखी संस्था त्यातून घरं आणि फर्निचर उभारते. यंत्राने विणता येईल अशी चटई, किंवा विणण्याचीच गरज नसलेली फळी, हा पुढचा टप्पा आहे.

संशोधनाने खरोखर बाजार पालटतो का, अशी शंका येते तेव्हा मलेशियाकडे पाहावं. रबराचं झाड पंचवीस-तीस वर्षांनी चीक देईनासं झालं की तिथे जाळून टाकत. पांढरं लाकूड कापल्यावर काही दिवसांत बुरशीने निळं पडे आणि किडे लागत. कापल्याबरोबर औषधात बुडवणं, दाबाखाली बोरॉन मुरवणं आणि भट्टीत वाळवणं, एवढ्यावर १९८०च्या दशकात तिथे निर्यातीचा फर्निचर उद्योग उभा राहिला. झाड तेच, आपल्या केरळातही आहे. आपण त्याचा बराच भाग खोकी आणि प्लायच्या गाभ्यात घालवला.

फरक पडतो तो कारखान्याच्या आत. भारतातला प्लायवूड कारखाना बहुधा लहान असतो. तिथे रेझिनच्या किटलीशेजारी बी-फोर कप नावाचं तळाला भोक असलेलं छोटं भांडं टांगलेलं असतं. त्यातून रेझिन किती सेकंदांत वाहून जातं त्यावरून त्याचा दाटपणा कळतो. कप वापरला तर कळतो. रेझिन महाग पडलं की त्यात मैदा वाढवतात, फळी दिसायला तशीच निघते आणि उकळत्या पाण्यात सुटते. प्लायवूड आणि फ्लश दरवाजांना मानक चिन्ह सक्तीचं करणारा आदेश २०२५ पासून अमलात येऊ लागला आहे, त्यामुळे हा कप आता शोभेचा राहू शकणार नाही. इपिर्टीत फळ्यांच्या तंत्रज्ञानाचा पदविका अभ्यासक्रम चालतो. मल्लेश्वरमला बिएसे या इटालियन यंत्र कंपनीच्या सहकार्याने प्रगत लाकूडकामाचं प्रशिक्षण केंद्र उभं आहे. तिथून बाहेर पडणारी मुलं मोठ्या कंपन्यांत लगेच सामावली जातात. केरळातल्या पेरुंबावूरच्या किंवा यमुनानगरच्या दोन प्रेसच्या कारखान्याला असा माणूस पगारावर ठेवणं जड जातं, आणि देशातला कितीतरी प्लाय अशाच कारखान्यांत निघतो. चारपाच कारखान्यांनी मिळून एक तंत्रज्ञ आणि एक उकळण्याचं पातेलं ठेवावं, इतकी साधी व्यवस्थासुद्धा अजून फार ठिकाणी झालेली नाही. इपिर्टीची सुरुवात मात्र १९६२ साली नेमकी अशाच सहकारी हिशेबाने झाली होती.